अट एका हिवाळ्याची

"एक हिवाळा काढून दाखवा. मग बोलू."

माझा मुलगा हे वाक्य दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या बोलला, चकली मोडता मोडता. कर्वेनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको सणापुरते आलो होतो आणि भाऊबीज झाली की आपल्या घरी परत जाणार होतो. आपलं घर म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला, धरणाच्या पलीकडच्या खोऱ्यात, एका लहानशा गावाच्या टोकाला आम्ही बांधलेलं घर. पाऊस ओसरल्यावर तिथं कायमचं राहायला गेलो होतो. 'कायमचं' हा शब्द मी तेव्हा प्रत्येक वाक्यात वापरत असे, कारण मुलाला नेमका तेवढाच शब्द ऐकू येत नसे.

"काढून दाखवा म्हणजे?" मी विचारलं.

"आई, प्लीज, जरा प्रॅक्टिकल हो. तिथली थंडी तू पाहिलेली नाहीस. बाबांची छाती आधीच अशी. दोघांपैकी एकानं जरी अंथरूण धरलं, तर दोघांनी मुकाट्यानं इथं राहायला यायचं. ते घर शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना भाड्यानं देऊन टाकू."

"कबूल," मी म्हणाले. आमच्या ह्यांच्याकडे मी वळून बघितलंसुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या घरात कोण शनिवार-रविवार येऊन राहणार, हे हा चकली खात ठरवतोय!

त्या घराचं मला एवढं काय, ते सांगते. लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले ते दोन खोल्यांत. सासू, सासरे, नणंद, आम्ही दोघं आणि पुढं मुलगा. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची मोरी दिसायची. खिळा ठोकायचा तरी सासऱ्यांना विचारायचं. मी शाळेत भूगोल शिकवायची, पण फळ्याशिवाय दुसरी कुठलीही भिंत माझी म्हणून नव्हती. सासऱ्यांच्या घरातून उठायचं ते थेट मुलाच्या घरात जाऊन बसायचं, हा आमच्याकडच्या बायकांचा ठरलेला प्रवास. मधे एक तरी घर माझं असावं, त्याच्या भिंतीत मी हवा तिथं खिळा ठोकावा, एवढीच माझी हौस होती. ती पूर्ण व्हायला केस पांढरे व्हावे लागले. आणि आता ती थंडीवर सोडून द्यायची? अजिबात नाही.

पुण्यात आपण ज्याला थंडी म्हणतो तो खरं तर सण असतो. कौतुकानं स्वेटर काढायचे, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत फिरायला जायचं, येताना गरम भजी खायची. खोऱ्यातली थंडी अशी नटून येत नाही. डिसेंबर लागला आणि तिनं हिसका दाखवला. पहाटे धरणाच्या पाण्यावरून धुकं उठायचं आणि गुरं गोठ्यात परतावीत तसं सरळ आमच्या दारात यायचं. काश्मीरचे लोक हसतील. हसोत बापडे! त्यांच्याकडे शेगड्या असतात, जाडजूड भिंती असतात. आमच्याकडे गुळगुळीत फरशी होती आणि पाणी दिसावं म्हणून हौसेनं बसवलेली भिंतभर काच. सकाळी त्या फरशीवर अनवाणी पाय पडला की तोंडातून देवाचं नाव यायचं, आणि ते भक्तीनं नव्हे.

खोबरेलाची बाटली दगड झाली. कणीक मळताना बोटं माझीच आहेत ना, असा संशय यायचा. गच्चीवरचं सोलर पूर्वेच्या डोंगराच्या सावलीत, त्यामुळे त्याचं पाणी अंघोळीजोगं होईपर्यंत दुपार टळायची. गीझर लावावा, तर वीज नेमकी सकाळी जायची. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत. तक्रार करायची तर तीही अर्जासारखी. कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर माझी शाल, एवढ्या ऐवजातून एक दिवस आवाज आला, "असं निदर्शनास आलं आहे की मला गुडघ्याखाली पाय नाहीत."

"शोधा," मी म्हणाले. "पलंगाखाली असतील."

विनोद करत होते, पण मनात धास्ती होती. कारण ह्यांना खोकला सुरू झाला होता. पेठेतही दर हिवाळ्यात व्हायचा, पण हा वेगळा, खोलवरून येणारा. आल्याचा काढा झाला, हळदीचं दूध झालं, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून झालं. मुलाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. रेंज फक्त अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी. एकदा बोलता बोलता मागून खोकल्याची उबळ ऐकू गेलीच.

"बाबा खोकले का?"

"म्हैस," मी म्हणाले. "शेजारची."

शेजारी खरंच म्हशी होत्या, हे आमचं नशीब. त्या म्हशींची मालकीण माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. मी तिला आक्का म्हणायची, ती मला बाई. रोज दूध घालायला यायची आणि कट्ट्यावर टेकायची. एक दिवस तिला उशीर झाला, ऐन दुपारी कडी वाजवून मला उठवलं आणि टेकली ती पदराआड हसतच.

"बाई, एक इचारू का? रागावनार न्हाई न्हवं?"

"विचारा की."

"रोज दुपारी जेवून झालं की दारं-खिडक्या लावून, पडदं वढून काय करता वो दोघं? सारं गाव इचारतंय. म्या म्हनलं, म्हातारी मानसं हायती, भांडत असतील."

अगं बाई! मी लाजू का हसू? "झोपतो," मी म्हणाले. "दुसरं काय करणार ह्या वयात? आम्ही पुण्याचे आहोत. एक ते चार आमच्याकडे कुणी जागं नसतं."

"एवढ्या उन्हाचं?" आक्का म्हणाली आणि किटली उचलून गेली.

ती गेली आणि मी तशीच उभी राहिले. घड्याळात दोन वाजत आले होते. हे आत गुरफटून झोपलेले. मी हळूच त्या मोठ्या काचेवरचा पडदा बाजूला केला. जाड, दुहेरी अस्तराचा पडदा, पुण्यातून मापानं शिवून आणलेला. आणि भसकन ऊन आत आलं. फरशीवरून सरकत थेट पलंगापर्यंत. मी त्या फरशीवर पाय ठेवला. ऊबदार!

मग मला माझीच लाज वाटली आणि हसूही आलं. आमच्या खोऱ्यात सूर्य पूर्वेच्या डोंगरावरून उशिरा वर येतो. सकाळभर तो घराच्या मागच्या अंगाला असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे काचेसमोर येतो तो जेवणं झाल्यावर, आणि चारच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगरामागे जातो, संपलं. म्हणजे घरात ऊन यायची वेळ कुठली? एक ते चार. आणि आम्ही काय करत होतो? पिढ्यान्‌पिढ्यांच्या इमानानं नेमके एक ते चार पडदे ओढून, खिडक्यांना कड्या घालून, सूर्याला बाहेर उभा करत होतो. वर चार वाजता चहाच्या वेळी सगळं सताड उघडत होतो, म्हणजे गारठ्याला या, बसा! दक्षिणायन आणि उत्तरायण मी फळ्यावर काढून काढून खडू संपवले होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"अहो, उठा!" मी ओरडले. "उठा आधी! सूर्य आलाय."

"त्याला चारनंतर यायला सांग," हे पांघरुणातून म्हणाले.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक उलटं झालं. दुपारी पडदे उघडे, आणि ऊन डोंगराला टेकायच्या आत सगळं गच्च बंद. उघड्या उजेडात झोपायचं म्हणजे ह्यांना अधर्म वाटला. दोन दिवस ते डोळ्यांवर पंचा बांधून निषेध म्हणून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी पंचा बांधूनच घोरले. मी गाद्या उन्हात टाकायला लागले, फरशीवर जुन्या साड्यांच्या वाकळी अंथरल्या. संध्याकाळी आत शिरलं की घरात दुपारची ऊब थोडी तरी उरलेली असायची.

माझा हुरूप वाढला. आता अंघोळीचा बंदोबस्त. मी बसनं पुण्याला गेले ती थेट तांबट आळीत. तांब्याचा बंब हवा होता, मधे नळकांडं, त्यात लाकडं पेटवायची आणि भोवती पाणी तापतं तो, जुन्या पद्धतीचा. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं.

"शोभेला हवाय?"

"पाणी तापवायला."

"अच्छा. म्हणजे तुम्ही तो वापरणार." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "त्यात हल्ली लोक झाडं लावतात. तुम्हाला विस्तव लावायचाय. बघतो, असला तर."

तो बंब मी मांडीशी धरून बसनं परत आणला. कंडक्टरनं विचारलं, "आजी, ह्यांचं अर्धं तिकीट की पूर्ण?" मी म्हणाले, "पासष्टच्या पुढचा आहे, सवलत द्या." अख्खी बस हसली. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

बंबाचं खातं ह्यांनी आपणहून घेतलं. काटक्या कोणत्या, गोवरी कधी, राख कधी ओढायची, सगळं शिस्तीत. सकाळी मला आत हाक यायची, "पाणी मंजूर झालं आहे." खोकला उतरला नव्हता, पण वाढतही नव्हता. पौष निम्मा झाला. मी मनातल्या मनात गुढी उभारायला लागले होते.

आणि भोगीच्या आदल्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला. तसा वारा मी आयुष्यात पाहिला नव्हता. दिवसभर ढगाळ, काचेतून ऊन नाही की काही नाही. आक्काच्या म्हशींनी दूध चोरलं. ह्यांनी हट्टानं बंब पेटवायला म्हणून अंधारात उठून बाहेर बैठक मारली, आणि दिवस उजाडल्यावर आत आले ते भिंतीला धरून.

भोगीला मुलगा आणि सून आले. मी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोणी असं सगळं मांडलं होतं. थंडीतच खायचं जेवण ते. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग उबळ आली. थांबेचना. मुलगा माझ्याकडे बघत होता. आता म्हशीचं नाव कसं घेणार? सुनेनं पाण्याचा पेला धरला, पाठीवर हात फिरवला. बिचारीचा चेहरा उतरला होता.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "न्यूमोनिया नाही. पण छातीत चांगलीच घरघर आहे. ही हवा ह्यांना मानवणार नाही. थंडी सरेपर्यंत उबेत ठेवा, नाहीतर पुढं जड जाईल."

घरी आलो. मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "आई, बॅगा भर."

"अंथरूण धरलंय कुठं?" मी म्हणाले. "बसलेत की हे बघ, खुर्चीत!"

असं मी म्हणाले खरं, पण खुर्चीत बसलेला माणूस श्वास मोजून घेत होता, ते मला दिसत होतं. मला भीती वाटली. घर, खिळे, भिंती, सगळं खरं. पण इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याच्या छातीचा आवाज ऐकू येत असताना कुणी पैज जिंकत नाही. मी आत गेले, ह्यांची बॅग भरली. लोकरीचे मोजे, औषधं, वाचायचा चष्मा. बाहेर आणून ठेवली.

"ह्यांना घेऊन जा," मी म्हणाले.

मुलानं एक बॅग बघितली. "आणि तुझी?"

"माझी नाही."

"अट दोघांची होती, आई. तूच कबूल म्हणालीस. मी तुला इथं एकटीला ठेवणार नाही, ह्या असल्या थंडीत. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, पहाटे या, अंगणात उभे राहा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा."

"चेष्टा पुरे. शब्द दिला होतास."

दिला होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तशी मी नुसती उभी होते, दाराच्या चौकटीला धरून. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला आणखी राग आला.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "अट कुणाकुणात ठरली?"

"माझ्यात आणि आईत," मुलगा म्हणाला. "तुम्ही होतात की तिथं, बाबा."

"होतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं." ते थांबले, श्वास घेतला. "ज्या करारावर माझी सही नाही तो मला लागू होत नाही. मी येतोय तो माझ्या छातीमुळे. हिची छाती ठणठणीत आहे. हिनं यायचं कारण काय?"

"बाबा, अहो पण एकटी..."

"एकटी," हे म्हणाले. "राहू दे की. लग्नाआधी बापाच्या घरी दहा माणसं, नंतर आमच्याकडे सहा. तिला कधी एकटं राहायला मिळालंय?"

मुलगा दारातून बाहेर गेला, गाडीचं मागचं दार उगाच उघडून बंद केलं, परत आला आणि बॅग उचलली.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला, आणि त्याच क्षणी भयंकर चीडही आली. इतक्या सहज जातो हा माणूस? 'तू चल' असं एकदा तोंडदेखलं तरी म्हणायचं! मी ह्यांच्या गळ्याला मफलर इतका आवळून बांधला की ते म्हणाले, "अगं, न्यायचंय मला, फाशी द्यायची नाहीये."

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "होळी जळाली की येतो."

"थंडी पळाली की या," मी म्हणाले. "त्याआधी दिसलात तर दार उघडणार नाही."

"आत जा. वारा आहे."

"जाईन. तुम्ही जा आधी."

गाडी वळणाआड गेली. मी आत आले आणि ढसाढसा रडले. भोगीच्या भाजीचं पातेलं तसंच भरलेलं होतं. मग उठले, एक भाकरी घेतली, भाजी गरम केली आणि वाऱ्याला शिव्या घालत जेवले. वारा दारं वाजवत होता. वाजव म्हटलं, कड्या मी स्वतः बसवून घेतल्यात.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. घरात कुणी खोकत नव्हतं, ते फार विचित्र वाटलं. कानटोपी घालून मी बाहेर गेले. बंब पेटवायची मला सवय नव्हती. काटक्या ओल्या, धूर नाकातोंडात, काड्यांवर काड्या विझल्या. "पेट की मेल्या!" मी ओरडले. पलीकडून आक्का ओरडली, "बाई, म्या येऊ काय?" "नको!" मी म्हणाले. "माझी मी पेटवते." आणि शेवटी पेटला. नळकांड्यातून जाळ दिसायला लागला तशी मी समोर पाट टाकून बसले, हात शेकत.

बंबभर पाणी तापलं. बादली भरली आणि लक्षात आलं की हे सगळं माझं आहे. सासरी अंघोळीला माझा नंबर शेवटचा असायचा. आधी सासरे, मग हे, मुलगा, नणंद, सासूबाई, आणि मग तळाशी उरलेलं कोमट पाणी, तेही शाळेची घंटा कानात वाजत असताना. पुढं गीझर आला तरी सवय तीच राहिली. सगळ्यांचं झालं ना, मग मी. कढत पाणी डोक्यावरून घेणं म्हणजे काय, ते मला धड ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी पहिला तांब्या घेतला, मग दुसरा. खांदे सैल झाले. बाहेर धुकं, आत वाफ. बादली संपली, परत भरली. कुणाचं पाणी संपेल म्हणून घाई करायची नव्हती. बंबाच्या तोटीतून शेवटचा थेंब येईपर्यंत मी अंघोळ केली.

केस पुसत अंगणात आले तर टाकीवर ठेवलेला फोन वाजत होता. मुलगा होता, आवाज घाबरलेला.

"आई! किती वेळ फोन लावतोय! ठीक आहेस ना? कुठं होतीस?"

"बाबा कसे आहेत?"

"झोपलेत शांत. तू कुठं होतीस ते सांग."

"अंघोळ करत होते."

"इतका वेळ?"

"हो," मी म्हणाले. "इतका वेळ."